शेताच्या बांधावरचे जोतीराव

चेन्नईहून मामल्लपुरमकडे जाताना वाटेत कोवलम हे कोळ्यांचे जुने गाव लागते. केरळातील प्रख्यात कोवलम ते निराळे. सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन आपण तेथील सागरकिनारी जातो. पण किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या बकिंगहॅम कालव्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. याच कालव्याचा चेन्नई शहरातील अड्यार व कूवम या नद्यांना जोडणारा भाग १८७७-७८ साली दुष्काळी काम म्हणून खोदला गेला. पोटासाठी घरदार सोडून आलेल्या शेतकऱ्यांच्या घामाची ती खूण होय. त्याच दुष्काळाने त्या वेळी दख्खनचे पठारही होरपळत होते आणि पुण्यात एक पुरुष त्या दुःखाचे मूळ शोधू पाहत होता. तो पुरुष म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांना आपण स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक आणि सत्यशोधक समाजाचे संस्थापक म्हणून ओळखतो. परंतु मातीशी असलेले त्यांचे नाते या दोन्हींहून जुने होते. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुण्यात येऊन फुलांचा व्यवसाय केल्यामुळे त्याला फुले हे आडनाव मिळाले. १८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांचे मातृछत्र लहानपणीच हरपले. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघा सज्जनांनी गोविंदरावांचे मन वळविले, तेव्हा जोतीराव पुन्हा शाळेत गेले. अशा रीतीने पुस्तकाच्या आधी त्यांच्या हाती खुरपे आले होते.

१८४८ साली मुलींची शाळा, १८७३ साली सत्यशोधक समाज, हा त्यांचा जीवनक्रम सर्वश्रुत आहे. चरितार्थासाठी मात्र त्यांनी कोणापुढे हात पसरला नाही. ते बांधकामाचे मक्ते घेत. खडकवासल्याच्या धरणासाठी साहित्य पुरविण्याचे कामही त्यांनी केले. धरणाचे पाणी कालव्यातून येऊ लागले, तेव्हा ते घेण्यास आसपासचे शेतकरी बिचकत होते. जोतीरावांनी मांजरी येथे स्वतः जमीन घेऊन, कालव्याच्या पाण्यावर ऊस व भाजीपाला पिकवून दाखविला. नव्याला नाक मुरडणारे ते नव्हते.

आणि म्हणूनच जुन्या ज्ञानाविषयी त्यांनी जे लिहिले, त्याला विशेष मोल आहे. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ सिद्ध केला. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी त्यातील भाग लोकांना वाचून दाखविले. त्याचे आरंभीचे दोन भाग ‘दीनबंधु’ पत्रात छापून आले. पुढचा जळजळीत मजकूर छापण्यास मात्र ते पत्र धजावले नाही.

या ग्रंथात त्यांनी जमिनीची झीज कशी होते हे शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले. डोंगरावरील झाडांचा पालापाचोळा, मेलेले कृमिकीटक, गुराढोरांचे शेण, हे सारे कुजून पावसाच्या पाण्याबरोबर खाली येते आणि शेताला आयते खत मिळते. पूर्वी शेते आळीपाळीने पडीत राहत, त्यांना विसावा मिळे. गरीब कुणबी चार शेरडे, एखादी गाय रानात चारून आणि पळसाची पाने, मोहाची फुले विकून अडीअडचण निभावून नेई. पुढे सरकारने जंगल खाते उभारले, गायराने त्यात ओढली, आणि ही साखळी तुटली. जनावरे कमी झाली, खत आटले, जमिनीला विसावा उरला नाही. सारा मात्र वाढतच गेला. कर्ज आणि कोर्टकचेरी हा त्याच दुखण्याचा पुढचा भाग होता.

केवळ दुःख सांगून जोतीराव थांबले नाहीत. त्यांनी उपायही सांगितले, आणि ते विलक्षण व्यवहारी आहेत. रिकाम्या बसलेल्या शिपायांकडून जागोजागी लहानमोठे बंधारे अशा रीतीने बांधवावेत, की पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे आणि मग ओढ्यानाल्यांना मिळावे. नद्या व तलाव यांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. गावांची गायराने गावांना परत द्यावीत. पाणाड्यांकडून पाण्याचे झरे शोधून त्यांच्या खुणा गावाच्या नकाशावर नोंदवाव्यात. उत्तम जातीची मेंढरे आणावीत, पिकांची प्रदर्शने भरवावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशी शेतकी शाळा दाखवाव्यात. गावच्या पाणाड्याची विद्या आणि विलायतेतील विद्या या दोहोंना त्यांनी एकाच पंक्तीत बसविले.

त्यांनी शेतकऱ्याची खुशामत केली नाही, हेही सांगितले पाहिजे. लग्नकार्यातील उधळपट्टी, अज्ञान आणि अंधश्रद्धा यांवर त्यांनी असूड ओढला. मातीची निगा राखणारा मनुष्य ऋणात आणि अज्ञानात बुडालेला असेल, तर त्याच्या पूर्वजांचे शहाणपणही त्याच्याबरोबर बुडते, ही त्यांच्या विचाराची मूळ बैठक होय. मातीचा प्रश्न त्यांच्या लेखी न्यायाचा प्रश्न होता.

१८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस जोतीराव साध्या शेतकऱ्याच्या वेशात गेले, आणि खरी प्रजा कोण याची जाणीव त्यांनी पाहुण्यांना करून दिली. त्याच वर्षी मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली आणि त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लेखन केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आज आपण ज्या भूमीत राहतो, तिलाही हे ज्ञान परके नाही. कोवलमच्या पश्चिमेस पसरलेला चेंगलपट्टूचा प्रदेश एरींचा, म्हणजे मातीच्या बांधाने पाणी अडविणाऱ्या तलावांचा आहे. उन्हाळ्यात तलाव आटला की गावकऱ्यांनी मिळून त्याची डागडुजी करायची आणि गाळ शेतात न्यायचा, या रिवाजाला येथे कुडिमरामत्तु म्हणतात. शहर वाढले, अनेक एरी बुजल्या; २०१५ चा महापूर आणि २०१९ ची पाणीटंचाई आपण चेन्नईकरांनी अनुभवली. २०१७ साली तमिळनाडू सरकारने कुडिमरामत्तुला नवे रूप दिले आणि तलावांतील गाळ शेतकऱ्यांना मोफत नेण्याची मुभा दिली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना निघाली. जोतीरावांनी १८८३ साली केलेली एक साधी मागणी दोन्ही राज्यांत अशी एकाच वर्षी रुजू झाली.

आपल्यापैकी बहुतेकांचे शेत आता सातबाऱ्याच्या उताऱ्यापुरतेच उरले असेल. तरीही पुढच्या खेपेस कोवलमला जाताना, वाटेत एखादी एरी दिसली, तर मुलांना तिचा बांध अवश्य दाखवावा आणि त्या बांधाशी नाते सांगणाऱ्या आपल्या जोतीरावांची गोष्ट त्यांना सांगावी.