लहरींच्या लढाईतला निवेदक

दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली, तेव्हा अमेरिकेत रेडिओचे दिवस भरले असे अनेकांना वाटू लागले होते. नाटके आणि मालिका पडद्याकडे गेल्या. रेडिओकडे उरल्या गाण्यांच्या तबकड्या आणि त्या वाजविणारा निवेदक. या निवेदकाला तरुणांचा लाडका नायक बनविले ते अ‍ॅलन फ्रीड यांनी.

१५ डिसेंबर १९२१ रोजी पेनसिल्व्हेनियातील विंडबर येथे जन्मलेल्या फ्रीड यांनी १९५१ पासून क्लीव्हलंडच्या रेडिओवरून कृष्णवर्णीय कलावंतांचे संगीत गोऱ्या तरुणांपर्यंतही पोहोचविले. त्या संगीताला ‘रॉक अँड रोल’ हे नाव रूढ केले तेही त्यांनीच.

१९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘विन्स’ केंद्राने त्यांना पाचारण केले आणि शहरातील तरुण श्रोते तिकडे वळले. जितके श्रोते, तितक्या जाहिराती, या हिशेबाने इतर केंद्रेही लोकप्रिय गाण्यांच्या चढाओढीत उतरली. न्यूयॉर्कमध्ये वाजणाऱ्या गाण्याला देशभर मागणी येई. त्यामुळे तबकडी निवडणाऱ्या निवेदकाभोवती रेकॉर्ड कंपन्यांचा पैसाही फिरू लागला. फ्रीड त्यापासून अलिप्त राहिले नाहीत. चक बेरी यांच्या ‘मेबेलीन’ या १९५५ मधील गाण्याच्या गीतकारांत त्यांचे नाव लागले, ते गाणे वाजविण्याचा मोबदला म्हणूनच, असे मानले जाते.

मे १९५८ मध्ये बोस्टन येथील त्यांच्या कार्यक्रमानंतर हाणामारी झाली. दंगल चिथावल्याचा आरोप आला आणि फ्रीड विन्समधून बाहेर पडले. काही आठवड्यांतच प्रतिस्पर्धी ‘डब्ल्यूएबीसी’ने त्यांना आपलेसे केले. परंतु गाणी वाजविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या पैशांची संसदीय चौकशी सुरू होताच, आपण असा पैसा घेतला नाही असे लिहून देण्याची मागणी केंद्राने केली. फ्रीड यांनी स्वाक्षरी नाकारली आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये त्यांची नोकरी गेली. डिसेंबर १९६२ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंड झाला अवघा ३०० डॉलर. मोठ्या केंद्रांची दारे मात्र कायमची मिटली होती. २० जानेवारी १९६५ रोजी, वयाच्या ४३व्या वर्षी, कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

स्पर्धा थांबली नाही. साठच्या दशकात डब्ल्यूएबीसी लोकप्रिय संगीताचे बलाढ्य केंद्र ठरले. मात्र गाण्यांची निवड आता निवेदकाऐवजी कार्यक्रमप्रमुखांकडे गेली होती. फ्रीड निर्दोष नव्हते. पण ज्या चढाओढीने केंद्रांच्या तिजोऱ्या भरल्या, तिची किंमत निवेदकाने एकट्याने मोजली.