थंडीचा पाठपुरावा करणारे शास्त्रज्ञ : हाइके कॅमरलिंग ओनेस

शिक्षक मित्रांनो व पालकहो, आज ज्यांच्याविषयी लिहितेय, त्यांचं नाव मुलांना फारसं माहीत नसतं. पण एमआरआय मशीन मुलांनी ऐकलेलं असतं. त्याच्या मुळाशी यांचा शोध आहे.

हाइके कॅमरलिंग ओनेस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे झाला. वडिलांचा विटांचा कारखाना होता. १८८२ मध्ये ते लायडेन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. वायू थंड करून त्यांचा द्रव बनवायचा, हा त्यांचा ध्यास.

वाट सोपी नव्हती. १८०७ मध्ये लायडेनमध्ये दारूगोळ्याच्या जहाजाचा भीषण स्फोट झाला होता आणि प्रयोगशाळा त्याच उद्ध्वस्त जागेवर उभी होती. दाबाखालचे वायू पाहून गावकरी घाबरले. १८९५ पासून सुमारे तीन वर्षं हे काम थांबलं. तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही.

चांगली उपकरणं हवीत, तर ती बनवणारे कुशल हातही हवेत, हे त्यांनी ओळखलं. म्हणून १९०१ मध्ये उपकरणं बनवणाऱ्या कारागिरांसाठी त्यांनी शाळाच काढली. तिथे मुलं काच फुंकायला, धातूचं बारीक काम करायला शिकत.

१० जुलै १९०८ रोजी, पहाटेपासून राबून, हेलियमचा द्रव मिळाला. तापमान उणे २६९ अंश सेल्सिअस! इतक्या थंडीत धातूतून वीज कशी वाहते, हा पुढचा प्रश्न. पारा शुद्ध करता येतो, म्हणून पारा निवडला. एप्रिल १९११ मध्ये त्याचा विद्युतरोध हळूहळू कमी न होता एकदम नाहीसा झाला. आधी वाटलं, जोडणीतच शॉर्टसर्किट असावं. पुन्हा पुन्हा मोजलं, तरी तेच. हीच अतिवाहकता. पुढे शिसं आणि कथिल यांतही ती सापडली. १९१३ मध्ये ओनेस यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

एक गोष्ट मात्र खटकते. रोध मोजण्याचं काम खिलेस होल्स्ट यांनी केलं, शीतयंत्रणा खेरित फ्लिम यांनी सांभाळली. शोधनिबंधावर लेखक म्हणून नाव एकट्या ओनेस यांचं.

२१ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांचं निधन झालं. वर्गात हा धडा घेताना होल्स्ट आणि फ्लिम यांची नावंही फळ्यावर लिहू या. गटात काम करणाऱ्या प्रत्येक मुलाला आपलं नाव दिसायला हवं, नाही का?