मठातला वाटाणा ते सांगलीचं सोयाबीन : तांबेरा रोखणाऱ्या वाणांमागचे मेंडेल कोण?

सातारा-सांगलीत पावसाची झड लांबली की सोयाबीनच्या पानांखाली तांबूस पुटकुळ्या दिसतात. हा तांबेरा. पानं गळतात, दाणा भरत नाही. म्हणून शेतकरी फुले संगम, फुले किमया हे वाण निवडतात. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचे हे वाण तांबेऱ्याला मध्यम प्रतिकारक आहेत. असा गुण पुढच्या पिढीत कसा उतरतो, हे समजून घेण्याचा पाया ग्रेगर मेंडेल यांनी घातला.

कोण होते मेंडेल?

आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात जुलै १८२२ मध्ये शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरी पैशांची ओढाताण. धाकट्या बहिणीनं हुंड्याच्या वाट्यातून मदत केली, म्हणून शिक्षण सुरू राहिलं. १८४३ मध्ये ते ब्रनोच्या मठात दाखल झाले. शिक्षकपदाची परीक्षा मात्र त्यांना पास होता आली नाही.

काय शोधलं?

१८५६ पासून आठ वर्षं त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपं अभ्यासली. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल, तर १,८५० सुरकुतलेले. म्हणजे साधारण ३:१. न दिसणारा गुण नष्ट होत नाही, लपून राहतो.

१८६६ मध्ये हे संशोधन छापून आलं, पण फारशी दखल कुणी घेतली नाही. ६ जानेवारी १८८४ रोजी मेंडेल यांचं निधन झालं. त्यांच्या कामाचं मोल जगाला १९०० मध्ये कळलं. पुढे १९०५ मध्ये इंग्लंडच्या रोलंड बिफेन यांनी गव्हाची तांबेऱ्याविरुद्धची प्रतिकारशक्तीही याच नियमानं उतरते, हे दाखवलं.

आपल्या शेताशी संबंध काय?

वाटाण्याप्रमाणे सोयाबीनचंही परागीभवन त्याच फुलात होतं. त्यामुळे स्थिर झालेल्या सरळ वाणाचा गुण घरच्या बियाण्यातही टिकतो. भेसळ टाळून आणि उगवण तपासून ते पुन्हा पेरता येतं. दरवर्षी नवी पिशवी घ्यावीच लागते असं नाही.

मात्र तांबेऱ्याची बुरशीही बदलते. सोयाबीनमध्ये तांबेरा रोखणारी अनेक जनुकं सापडली आहेत, पण एकाच जनुकाचा आधार बुरशी कधीतरी मोडून काढते. म्हणून वाण प्रतिकारक असला, तरी पानांची खालची बाजू पाहत राहायला हवी.