विश्लेषण : शिकारीसाठी बांधलेले तळे, सलीम अली आणि सीवूड्सचे फ्लेमिंगो

सीवूड्सच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट अडल्याने २०२४ मध्ये तलाव सुकला आणि फ्लेमिंगोंनी पाठ फिरवली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांच्या या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. पण दर्जा मिळाला म्हणून पक्षी येतील का? याचे उत्तर डॉ. सलीम अली (१८९६-१९८७) यांच्या आयुष्यात सापडते.

सुरुवात एअरगनने

मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या सलीमने लहानपणी एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती ओळखून घ्यायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत (बीएनएचएस) गेला आणि तिथलाच झाला. पुढे बर्लिनमध्ये शिक्षण, परतल्यावर बेकारी. मग १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर एकामागून एक अर्धवट घरटी बांधतो, मादी पसंत पडलेल्यात राहायला येते, हे त्यांनी तिथे टिपले. नोकरी असती तर हे काम झालेच नसते बहुधा.

१९४५ मध्ये ते कच्छच्या रणात फ्लेमिंगोंच्या वसाहतीपर्यंत पोहोचले. त्यांचा अंदाज होता सुमारे ५ लाख पक्ष्यांचा.

भरतपूरचे तळे कशासाठी?

अमेरिकेत हरणे आणि रानटर्की टप्प्यात यावीत म्हणून शिकारी क्लोव्हर, मका पेरतात. राजस्थानात भरतपूरच्या संस्थानिकांनी तेच पाण्याने साधले. अजान बांधाचे पाणी सखल भागात सोडले की वनस्पती, मासे, किडे वाढत आणि त्यामागे थंडीत बदके येत. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा तिथल्या दगडावर अभिमानाने कोरलेला आहे!

स्वातंत्र्यानंतर ही जमीन शेतीसाठी वाटण्याची मागणी झाली. तेव्हा सलीम अलींनी हा विषय थेट नेहरूंपर्यंत नेला. जागा वाचली आणि पुढे राष्ट्रीय उद्यान झाली.

म्हशी हटवल्या, मग काय झाले?

१९८२ मध्ये तिथे चराई बंद झाली. सलीम अलींचाही या बंदीला पाठिंबा होता. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जीव गेले. नंतर बीएनएचएसच्याच दीर्घ अभ्यासातून उलटे चित्र पुढे आले. म्हशी चरायच्या थांबल्याने गवत माजले, उघडे पाणी कमी झाले आणि पाणपक्ष्यांचे खाणे अवघड झाले. अंतिम निष्कर्ष आले तेव्हा सलीम अली हयात नव्हते. त्यांची थोरवी याने कमी होत नाही, पण गावकऱ्यांनी मोजलेली किंमतही विसरता येत नाही.

सीवूड्सशी संबंध काय?

छोटे फ्लेमिंगो चोच उलटी करून पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. गाठिया टाकून खाडीवर सीगल जमतात, फ्लेमिंगो जमत नाहीत. त्यांचे शेवाळ उथळ पाण्यात आणि चिखलात वाढते, आणि डीपीएस तलावात ते पाणी भरतीबरोबर खाडीतूनच यावे लागते. त्यामुळे हंगामाआधी फलक लागला का, यापेक्षा तलावात पाणी आत-बाहेर होते आहे का, हे तपासावे लागेल.