मुक्तिबोधांचे घर

नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड राजनांदगाव आणि दुर्ग ही गावे मागे टाकून सुपेल्यातून पुढे जातो. सुपेला आज भिलाई नगराचा गजबजलेला बाजारभाग आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले, तेव्हा मात्र ते दुर्ग जिल्ह्यातील एक खेडे होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे पोटासाठी या मुलखात येऊ लागली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. परंतु त्यापूर्वी काही महिने, जुलै १९५८ मध्ये, याच रस्त्यावर सुपेल्याच्या पश्चिमेस सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या आणि तेव्हा याच जिल्ह्यात मोडणाऱ्या राजनांदगावी एक मराठी कुटुंब येऊन स्थिरावले होते. कुटुंबप्रमुखाचे वय चाळीस. पदरी मुले, डोक्यावर कर्ज आणि सामानात अपुऱ्या कवितांचे कागद. दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे अध्यापक म्हणून आलेल्या या गृहस्थांचे नाव गजानन माधव मुक्तिबोध.

हिंदी काव्याच्या इतिहासात मुक्तिबोधांचे स्थान आता वादातीत आहे. तथापि त्यांची जी प्रतिमा समीक्षेने रूढ केली ती एकाकी, अंधारात चाचपडणाऱ्या, स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्या कवीची आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. या कवीला घर होते आणि त्या घरात मराठी बोलली जात असे. ज्या आशेच्या बळावर त्यांची कविता अंधारातून वाट काढते, तिचा मोठा भाग या घराने पुरविलेला आहे. मराठी वाचकाला त्यांची ओळख बहुधा शरच्चंद्र मुक्तिबोधांचे वडील बंधू म्हणून असते. त्यामुळे हे घर निदान आपल्याला तरी अपरिचित असू नये.

मुक्तिबोधांचे पणजोबा वासुदेव हे जळगाव सोडून ग्वाल्हेर संस्थानात आले. आजोबा गोपाळराव टोंक संस्थानात नोकरीस होते आणि फारसीच्या ज्ञानाबद्दल त्यांचा लौकिक होता. वडील माधवराव पोलीस खात्यात. करारी आणि सचोटीचे. गजाननाचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. आधीची दोन अपत्ये दगावलेली असल्याने या मुलाला तळहाताच्या फोडाप्रमाणे जपण्यात आले. घरात त्याला बाबूसाहेब म्हणत. हवालदार-शिपाई दिमतीला असत. पुढील आयुष्यातील ओढगस्त पाहता हे बालपण दुसऱ्याच कोणाचे असावे असे वाटते.

आई पार्वतीबाई ईसागढच्या, बुंदेलखंडाच्या बाजूच्या शेतकरी घराण्यातील. मराठीत हरिभाऊ आपटे आणि हिंदीत प्रेमचंद हे त्यांचे आवडते लेखक. प्रेमचंद वाचताना त्यांचे डोळे भरून येत, कधी त्या हसत आणि हाताशी असलेल्या मुलाला तो प्रसंग ऐकवीत. मुक्तिबोधांनी पुढे प्रेमचंदांवर जो लेख लिहिला, त्यात आपल्या प्रेमचंदभक्तीचे श्रेय त्यांनी निःसंकोचपणे आईला दिले आहे. त्या लेखाचा आरंभ प्रेमचंदांच्या एका छायाचित्राने होतो. छायाचित्रातील कॅनव्हासच्या फाटक्या बुटातून लेखकाची बोटे बाहेर डोकावत आहेत. साहित्यशास्त्राच्या पुस्तकातून आलेली निष्ठा आणि आईच्या डोळ्यांतील पाण्यातून आलेली निष्ठा यांत फरक असतो. मुक्तिबोधांचा मार्क्सवाद पुढे बराच पुस्तकी झाला असे मानणाऱ्यांनी ही दुसरी निष्ठा हिशेबात घेतलेली नाही.

याच आईवडिलांशी त्यांचा पहिला मोठा संघर्ष झाला. इंदूरच्या होळकर महाविद्यालयात शिकत असता ते आत्याकडे राहत. तेथेच शांताबाईंशी परिचय झाला आणि १९३९ साली घरच्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांनी विवाह केला. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात थोरल्या, लाडक्या मुलाने असे करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ज्याच्यावर घराण्याच्या आशा केंद्रित झाल्या होत्या त्यानेच त्या धुळीस मिळविल्या, ही जाणीव दोन्ही बाजूंना दीर्घकाळ जाचत राहिली. मुलगा वकील होईल, अधिकारी होईल, ही वडिलांची अपेक्षा. मुलगा मात्र बडनगर आणि शुजालपूरच्या शाळांतून शिकवीत, कविता करीत आणि बर्गसाँपासून मार्क्सपर्यंत प्रवास करीत राहिला. शुजालपूरच्या शारदा शिक्षा सदनात नेमिचंद्र जैन यांच्याशी जडलेली मैत्री अखेरपर्यंत टिकली. १९४३ साली अज्ञेयांनी संपादित केलेल्या 'तारसप्तक'मध्ये मुक्तिबोधांच्या कविता आल्या आणि हिंदी काव्यात त्यांचे नाव झाले. नावाने मात्र चूल पेटत नाही.

त्यानंतरची पंधरा वर्षे म्हणजे नोकऱ्यांची आणि गावांची मालिका आहे : उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर. बनारसला 'हंस' मासिकात त्रिलोचन शास्त्रींबरोबर काम; जबलपूरला शाळेत शिक्षकी आणि वर्तमानपत्रात उमेदवारी; नागपूरला प्रथम सरकारी प्रसिद्धी खाते, मग आकाशवाणी, मग 'नया खून' साप्ताहिक. प्रत्येक वेळी बिऱ्हाड उचलायचे, नव्या गावी दुकानदाराकडे नवी उधारी सुरू करायची, आणि जुनी फिटली नाही म्हणून संकोचत राहायचे. नेमिचंद्रांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९८४ साली 'पाया पत्र तुम्हारा' या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात काव्यविचाराच्या पानालगत पैशांच्या विवंचनेचे पान येते. प्रतिभावंताच्या पत्रातील हा तपशील गौण मानून ओलांडण्याची वाचकाला सवय असते. येथे तो ओलांडता येत नाही. कारण कर्जाची लाज आणि कवितेतील अपराधभावना या एकाच मनात, एकाच वेळी नांदत होत्या.

नागपूरच्या दहा वर्षांत शरच्चंद्रही त्याच शहरात होते. धाकट्या भावाचा 'नवी मळवाट' हा संग्रह १९४९ साली आला आणि मराठी नवकवितेत एक वेगळा सूर उमटला. सामाजिक बांधिलकी दोघांचीही, मार्क्सवाद दोघांचाही. पण एकाने मराठीत लिहावे आणि दुसऱ्याने हिंदीत, असे एकाच घरात घडले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना ही केवढी दुर्मीळ संधी आहे! ती अद्याप पुरती घेतली गेलेली नाही. शरच्चंद्रांनी 'क्षिप्रा', 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' या कादंबरीत्रयीत मध्यमवर्गीय तरुणाच्या घडणीची जी कथा उलगडली, तिच्याशेजारी गजाननरावांच्या दीर्घ कविता ठेवून वाचल्या तर दोन्हींवर नवा प्रकाश पडेल.

याच नागपुरात, संसाराचा गाडा ओढीत, त्यांनी एम. ए.ची पदवी घेतली. ती घेण्यामागे विद्याव्यासंगापेक्षा घराची निकड अधिक होती असे म्हणावयास हरकत नाही. त्या पदवीच्या आधारेच राजनांदगावची नोकरी मिळाली.

राजनांदगाव हे वैरागी महंतांचे जुने संस्थान. गावात कापडगिरणी, १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तेथील कामगारांनी केलेला संप प्रसिद्ध आहे. महाविद्यालय संस्थानिकांच्या जुन्या वाड्यात भरत असे आणि त्याच आवारात मुक्तिबोधांना राहावयास जागा मिळाली. आसपास राणीसागर आणि बूढासागर हे दोन तलाव. घरात चक्राकार वळत वर जाणारा जिना. त्यांच्या या काळातील कवितांत पाणी, पडकी वास्तू आणि खोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या वारंवार भेटतात, त्यांचे एक मूळ या वास्तूत शोधण्याचा मोह समीक्षकांना आवरत नाही. तो आवरण्याचे कारणही नाही. मात्र पडक्या वास्तूबरोबर तिच्यात राहणारी माणसेही पाहावीत. प्रथमच ठराविक तारखेला पगार येऊ लागला. पदुमलाल पुन्नालाल बख्शी यांच्यासारखा ज्येष्ठ लेखक सहकारी म्हणून लाभला. तरुण मंडळी घरी येऊ लागली. गावातीलच विनोदकुमार शुक्ल या होतकरू कवीच्या कविता मुक्तिबोधांनी श्रीकांत वर्मांच्या 'कृति'कडे पाठविल्या आणि त्या छापून आल्या. 'कामायनी : एक पुनर्विचार' हा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. कवीच्या आयुष्यातील सर्वांत समृद्ध लेखनकाळ त्याच्या संसाराच्या सर्वांत स्थिर काळाशी जुळावा, हा योगायोग मानणे कठीण आहे.

'अंधेरे में' ही दीर्घ कविता नागपूरच्या अखेरच्या दिवसांत सुरू होऊन राजनांदगावी पूर्ण झाली. नगरात लष्करी अंमल, मध्यरात्री निघालेली प्रतिष्ठितांची भयावह मिरवणूक, टिळकांच्या पुतळ्याच्या नाकातून ठिबकणारे रक्त, या सर्व प्रतिमांची चर्चा विपुल झाली आहे. त्यामानाने एका प्रसंगाकडे कमी लक्ष गेले. अंधारात निवेदकाला गांधीजी भेटतात आणि त्याच्या स्वाधीन एक तान्हे मूल करतात. ते रडते, निवेदक त्याला खांद्यावर घेऊन थोपटतो, समजावतो. पुढे त्या मुलाची सूर्यफुले होतात आणि आणखी पुढे बंदूक. या रूपांतरांचा राजकीय अर्थ उघड आहे. पण मध्यरात्री रडणाऱ्या मुलाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालण्याचा अनुभव विचारसरणीतून येत नाही. कवीच्या भविष्यकाळाला वजन आहे, आणि ते बापाच्या खांद्याला जाणवणारे वजन आहे. 'काठ का सपना' या कथेतही दारिद्र्याने लाकडासारखे कोरडे पडलेले नवराबायको आणि त्यांची लहानगी मुलगी आहे. त्या मुलीपुरताच त्या घरात जीव उरलेला आहे.

हे प्रेम सुखाचेच होते असा समज मात्र करून घेऊ नये. 'सहर्ष स्वीकारा है' या कवितेत आपल्या वाट्याला आलेले सर्व काही, गरिबीसुद्धा, प्रिय व्यक्तीला ते आवडते म्हणून आनंदाने स्वीकारलेले आहे. ती व्यक्ती पत्नी की माता, याविषयी मतभेद आहेत. परंतु त्याच कवितेत पुढे या ममतेचा उजेड सोसवेनासा होऊन अंधारात हरवून जाण्याची शिक्षा मागितली आहे. ज्यांच्यासाठी पुरेसे करता आले नाही त्यांनीच इतके प्रेम करावे, याने होणारा कोंडमारा येथे बोलतो. संसारी मराठी माणसाला हा कोंडमारा समजावून सांगावा लागत नाही.

१९६२ साली त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. या पुस्तकाच्या उत्पन्नातून कर्जाचा बोजा हलका होण्याची आशा होती. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. लेखक म्हणून झालेला अपमान आणि गृहस्थ म्हणून झालेली निराशा एकाच वेळी पदरी आली. या आघाताने त्यांची प्रकृती ढासळली असे निकटवर्तीयांचे मत होते.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. राजनांदगावहून त्यांना भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात नेण्यात आले. हरिशंकर परसाई, श्रीकांत वर्मा, अशोक वाजपेयी आदी लेखकांनी धावपळ केली आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लक्ष घातल्यावर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत उपचारांची व्यवस्था झाली. निदान क्षयजन्य मेंदूज्वराचे होते. अखेरच्या काळात शुद्ध राहिली नाही. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. सत्तेचाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

चित्रकार हुसेन पुढे सांगत की, या कवीच्या अंत्ययात्रेपासून आपण पायांत वहाण घालणे सोडले. ही आख्यायिका सर्वतोमुखी झाली आहे. जी स्त्री १९३९ पासून या माणसाबरोबर बिऱ्हाडे हलवीत आली आणि आजारपणात उशाशी बसून राहिली, तिचा उल्लेख त्यामानाने क्वचित होतो, हे खटकते.

'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह भारतीय ज्ञानपीठाने १९६४ सालीच काढला, पण तो पाहावयास कवी नव्हता. मुक्तिबोध एकेक कविता वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लिहीत. एकाच रचनेचे अनेक खर्डे मागे राहिले होते. शांताबाई आणि मुले पुढेही छत्तीसगडातच राहिली, आणि हे कागदही टिकले. थोरले चिरंजीव रमेश मुक्तिबोध यांनी वडिलांच्या अप्रकाशित लेखनाच्या संपादनात पुढे स्वतःचा बराच काळ घातला. नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली 'मुक्तिबोध रचनावली' १९८० साली सहा खंडांत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मणी कौल यांनी मुक्तिबोधांच्या लेखनावर आधारलेला 'सतह से उठता आदमी' हा चित्रपट पूर्ण केला. राजनांदगावच्या त्या जुन्या वास्तूत आता बख्शी, बलदेवप्रसाद मिश्र आणि मुक्तिबोध या तिघांचे स्मारक-संग्रहालय आहे.