गीतेचे पहिले इंग्रज भाषांतरकार : चार्ल्स विल्किन्स

आज मार्गशीर्ष शुद्ध एकादशी. मोक्षदेच्या ह्या पुण्यपर्वावर घरोघरी गीतेचे अठरा अध्याय वाचले जातील. अशा दिवशी भगवान व्यास, आद्य शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर माउली ह्यांचे स्मरण होतेच. ज्यांनी गीता प्रथम इंग्रजीत नेली त्या चार्ल्स विल्किन्स ह्यांचे चरित्रही आज वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. त्यास कारणही आहे. परदेशी वाढलेल्या आपल्या नातवंडांच्या हाती हे जुने भाषांतर आता सहज येते. ते वाचून कोणास हसू येते, तर कोणास ग्रंथच अशुद्ध वाटतो. दोष विल्किन्स ह्यांचा नव्हे. मधल्या दोनशे चाळीस वर्षांत इंग्रजी भाषाच पालटली आहे.

विल्किन्स हे इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यातल्या फ्रोम गावचे. जन्म १७४९ चा. १७७० साली ईस्ट इंडिया कंपनीचे कारकून म्हणून ते बंगालात आले. विद्वत्तेपूर्वी त्यांचे नाव झाले ते हातच्या कसबामुळे. १७७८ साली हॅल्हेडचे बंगाली व्याकरण हुगळीस छापले गेले, त्याचे खिळे विल्किन्स ह्यांनी पंचानन कर्मकार ह्या कुशल कारागिराच्या साहाय्याने घडविले होते. त्याच सुमारास त्यांना संस्कृताची गोडी लागली. पुढे काशीस राहून पंडित काशीनाथ ह्यांच्यापाशी त्यांनी अध्ययन केले, महाभारताचे भाषांतर आरंभिले आणि त्यातून गीता वेगळी काढून पूर्ण केली.

गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज ह्यांनी ४ ऑक्टोबर १७८४ रोजी काशीहून कंपनीच्या अध्यक्षांस पत्र लिहून ह्या भाषांतराची शिफारस केली. हेस्टिंग्जच्या कारभाराचे गोडवे आम्ही गाणार नाही. काशीनरेश चेतसिंगाशी तो कसा वागला हे इतिहासास ठाऊक आहे. परंतु भारतातील इंग्रजी सत्ता लयास गेल्यावरही हे वाङ्मय टिकून राहील, असे त्या पत्रात त्यानेच लिहून ठेवले, हेही खरे. १७८५ साली कंपनीच्या खर्चाने ग्रंथ लंडनमध्ये छापून निघाला.

आता त्या ग्रंथाच्या भाषेकडे वळू. विल्किन्स अध्यायास ‘लेक्चर’ म्हणतात. आज ‘लेक्चर देणे’ म्हणजे कान उपटणे! पण त्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ वाचन, पाठ असा आहे. अध्याय म्हणजेही अध्ययन करण्याचा भाग. इतका जवळचा प्रतिशब्द शोधून सापडला नसता. चौदाव्या अध्यायात तीन गुणांसाठी त्यांनी ‘गून’ असे लिहिले, कारण संस्कृत शब्द रोमन लिपीत लिहिण्याची सर्वमान्य पद्धती तेव्हा ठरलेली नव्हती. विसाव्या शतकात त्याच अक्षरांना इंग्रजीत गुंड असा अर्थ चिकटला. सत्त्व, रज, तम हे तीन गुंड वाचून मुलांस हसू येणारच.

दुसऱ्या अध्यायातील सांख्यविचारास त्यांनी ‘स्पेक्युलेटिव्ह’ म्हटले. तेव्हा त्याचा अर्थ चिंतनात्मक, तत्त्वविचारात्मक असा होता. आज त्या शब्दाबरोबर शेअरबाजारातील सट्टा डोळ्यांपुढे येतो. नवव्या अध्यायातील राजविद्येसाठी त्यांनी ‘सायन्स’ हा शब्द योजला. त्या काळी कोणत्याही पद्धतशीर ज्ञानास, अध्यात्मासही, तो चालत असे. त्याचा आजचा अर्थ धरून कोणी गीतेत प्रयोगशाळा शोधू लागला, तर ती चूक वाचणाऱ्याची म्हणावी लागेल.

सर्वांत मोठी हानी मात्र एका लहानशा शब्दात होते. विल्किन्स ह्यांचे कृष्णार्जुन परस्परांस ‘दाउ’ म्हणतात. आजच्या वाचकास तो शब्द भारदस्त आणि दरबारी वाटतो. वस्तुतः तो इंग्रजीतील जुना एकवचनी ‘तू’ आहे. शिष्टांच्या बोलण्यातून तो विल्किन्स ह्यांच्या काळापूर्वीच उठला होता. प्रार्थनेत आणि काव्यात तेवढा उरला. आता अकरावा अध्याय आठवा. विश्वरूप पाहून अर्जुन गांगरतो. थट्टामस्करीत, खातापिता, तुला मी नावाने आणि सखा म्हणून हाक मारली, त्याची क्षमा कर, अशी तो विनवणी करतो. त्या ‘दाउ’मागची सलगी ज्यास कळली नाही, त्यास ह्या क्षमायाचनेतील कंप कसा कळावा? आम्हां मराठी माणसांस हे सांगावे लागत नाही. आपण आईस ‘तू’ म्हणतो आणि पंढरीच्या विठोबासही ‘तू’च म्हणतो.

ह्या भाषांतरास नव्या इंग्रजीचा पेहराव चढवावा, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. नवी भाषांतरे विपुल आहेत, ती अवश्य वाचावीत. जुने मात्र जसेच्या तसे राहू द्यावे आणि शेजारी मूळ श्लोक उघडा ठेवावा. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, पण माउलींची भाषा बदलून आपल्या काळाची केली नाही. अवघड ओवीचा उलगडा करण्यासाठी कीर्तनकार उभा आहेच.

स्वतः विल्किन्स ह्यांस आपल्या कामातील उणिवांची जाण होती. ग्रंथातील दुर्बोध स्थळांबद्दल त्यांनी प्रस्तावनेतच वाचकांची क्षमा मागितली आहे. १७८६ साली ते मायदेशी परतले आणि पुढल्याच वर्षी त्यांचा इंग्रजी हितोपदेश निघाला. तिकडे त्यांनी देवनागरीचे खिळे घडविले आणि संस्कृत व्याकरण छापावयास घेतले. तोच १७९६ साली घरास आग लागली. हस्तलिखिते आणि खिळ्यांचे साचे वाचले, पण खिळे नष्ट झाले. ते व्याकरण १८०८ साली प्रसिद्ध झाले. कंपनीच्या ग्रंथालयाचे ते ग्रंथपाल होते. १८३३ साली त्यांस ‘सर’ हा किताब मिळाला.

अमेरिकेत थोरोने १८४५ ते १८४७ ह्या काळात वॉल्डनच्या तळ्याकाठी राहून जी गीता वाचली, ती विल्किन्स ह्यांचीच. हे पाहावयास ते स्वतः मात्र नव्हते. १३ मे १८३६ रोजी लंडनमध्ये त्यांचे देहावसान झाले होते. आरंभिलेले महाभारत अपुरेच राहिले.