आदोल्फ ब्रोन्यार व कोळशाचीं अरण्यें

दगडी कोळसा हा प्राचीन अरण्यांचा अवशेष होय, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. (शेगडींतला लोणारी कोळसा निराळा, तो लांकडें जाळून करितात.) परंतु तीं अरण्यें भूगर्भांत गेलीं तेव्हां पृथ्वीभोंवतालच्या हवेचें काय झालें, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतो. तो ज्यांनीं शास्त्रापुढें मांडला, त्या आदोल्फ ब्रोन्यार ह्या फ्रेंच पंडितांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म ता. १४ जानेवारी १८०१ रोजीं पॅरिस येथें झाला. वडील आलेक्सांद्र हे नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ असून सेव्र येथील चिनी मातीच्या भांड्यांच्या सरकारी कारखान्याचे प्रमुख होते. सेंत-एतिएनच्या खाणींत, खडकांच्या थरांतून उभेच राहिलेले झाडांचे दगडी बुंधे वडिलांनीं पाहिले व १८२१ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढल्याच वर्षीं मुलानें अश्मीभूत वनस्पतींच्या वर्गीकरणावर निबंध छापला. त्यांनीं वैद्यकाची पदवी १८२६ सालीं घेतली खरी. पण मन रमलें तें दगडांतील पानांतच.

१८२८ सालीं अश्मीभूत वनस्पतींच्या इतिहासावरील त्यांचा मोठा ग्रंथ निघूं लागला. हिंदुस्थान व ऑस्ट्रेलिया येथून आलेल्या, जिभेच्या आकाराच्या पानांस ग्लॉसॉप्टेरिस हें नांव त्यांनीं त्याच सालीं दिलें. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील कोळसा झाला तो बहुतांशीं ह्याच जातीच्या झाडांपासून. युरोपांतील कोळशाहून तो कांहींसा अलीकडचा आहे.

झाडें आपल्या अंगांतील कर्ब हवेंतील कर्बाम्लवायूपासून, म्हणजेच कार्बन डायऑक्साइडपासून घेतात, हें सोस्यूर ह्यांनीं १८०४ सालीं दाखविलें होतें. ब्रोन्यार ह्यांनीं त्याच्या पुढचें पाऊल टाकिलें. कोळशाच्या थरांत जो अपार कर्ब सांचला आहे, तो एके काळीं हवेंतच असला पाहिजे. अरण्यांनीं तो शोषून जमिनींत गाडला, हवा निवळली, आणि मगच फुप्फुसांनीं श्वास घेणाऱ्या प्राण्यांस भूमीवर राहतां आलें, असें त्यांचें मत होतें.

ह्यांतील शेवटचें विधान टिकलें नाहीं. त्या अरण्यांत बेडकांच्या कुळांतले प्राणी व कीटक अगोदरच नांदत होते, असें पुढें दिसून आलें. मूळ विचार मात्र पक्का ठरला. एरवीं झाड मेलें कीं कुजतें, व त्याचा कर्ब हवेंत परत जातो. दलदलीच्या पाण्याखालीं प्राणवायु पोंचत नाहीं, म्हणून तेथें तें पुरतें कुजत नाहीं. वर गाळ सांचतो, जमीन खचते, आणि दाब व उष्णता ह्यांनीं त्याचा कोळसा होतो. सुमारें ३६ ते ३० कोटि वर्षांपूर्वीं हें इतक्या प्रमाणावर घडलें कीं हवेंतील कर्बाम्लवायु घटला व प्राणवायु आजच्या २१ टक्क्यांहून बराच वाढला असावा. फ्रान्समधील कोमांत्रीच्या खाणींत सांपडलेल्या, सुमारें दोन फूट पंखविस्ताराच्या चतुरास ब्रोन्यार घराण्यांतीलच शार्ल ह्यांनीं १८८५ सालीं मेगान्यूरा हें नांव दिलें. पृथ्वीही थंडावली. दक्षिणेकडील गोंडवन खंडावर हिमनद्या पसरल्या. त्यांनीं वाहून आणलेले धोंडे ओडिशांत तालचेर येथें कोळशाच्या थरांखालीं आजही दिसतात. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणिताप्रमाणें सारी पृथ्वीच बर्फाखालीं जाण्याच्या बेतास आली होती!

तोच कर्ब मनुष्य आतां वर काढून जाळीत आहे. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बाम्लवायूचे सुमारें २८० भाग होते. २०२४ सालीं ते ४२० च्या वर गेले. गाडण्यास कोट्यवधि वर्षें लागलीं, उकरण्यास तीन शतकेंही लागलीं नाहींत.

ब्रोन्यार १८३३ सालीं पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत प्राध्यापक झाले. लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळानें १८४१ सालीं त्यांस वोलस्टन पदक अर्पण केलें. १८५४ सालीं फ्रान्सची वनस्पतिशास्त्र संस्था निघाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. उतारवयांत ते पुन्हा वडिलांच्या सेंत-एतिएनकडे वळले, व तेथील गारगोटी बनलेल्या बियांचे सूक्ष्म काप तपाशीत बसत. ता. १८ फेब्रुवारी १८७६ रोजीं त्यांचें देहावसान झालें. बियांवरील ग्रंथ १८८१ सालीं निघाला. १८२८ सालीं आरंभिलेला मोठा इतिहास अपुराच राहिला.